नोंदवहीबाहेरची निवड

वाशीम येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठीची ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठीची ‘महिष चिप’ जाहीर झाली. त्याच कार्यक्रमात शेतकरी सन्मान निधीचा हप्ताही सुटला आणि साहजिकच चर्चा हप्त्याची झाली. चिपचे काम तसे थोडक्यात सांगता येते. वासराचे रक्त किंवा कानाच्या पाळीचा चिमूटभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या डीएनएवरच्या हजारो ठरावीक जागा वाचायच्या, आणि कालवड पुढे किती दूध देईल, गोऱ्हा वळू झाला तर त्याच्या लेकी किती देतील, याचा अंदाज ते गोठ्यात उभे राहायला शिकत असतानाच बांधायचा. पूर्वी हे कळायला वळूच्या लेकी व्यायची वाट पाहावी लागे. त्यात पाच-सात वर्षे जात. हा वेळ वाचणे ही फार मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्यात ही चिप येईल तेव्हा तिला काय विचारायचे आणि तिच्या उत्तराची पडताळणी कशाशी करायची, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे. या मुलखात जनावर निवडण्याची जाण कधी कमी नव्हती. कमी होती ती नोंद. आणि नोंद त्याच जनावराची झाली, ज्याच्या नोंदीचे पैसे मोजणारा कोणीतरी होता. चिपमुळे हा जुना हिशेब मिटत नाही. तो पहिल्यांदाच चव्हाट्यावर येतो.

केज बालाघाटाच्या पठारावर, मांजरेच्या खोऱ्यात आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा इथून पुढे लातूरकडे जाते आणि तालुक्यातल्याच धनेगावला तिच्यावर धरण आहे. जनावरांच्या दृष्टीने पाहिले तर तीन जातींच्या मुलखांच्या कडा इथे एकमेकींत मिसळतात. पूर्वेकडून देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश, दक्षिणेकडून उस्मानाबादी शेळी. देवणीला जुन्या लिखाणात डोंगरपट्टी असेही नाव सापडते. तिच्यात गीर, डांगी आणि स्थानिक गुरांचे रक्त मिसळले आहे असे जाणकार मानतात, आणि तिचे वानेरा, बाळंक्या व शेवरा असे रंगावरून पडलेले प्रकार आजही बाजारात तोंडी असतात. ही जात कोणा संस्थानिकाने घडवली नाही. काळ्या चिकट जमिनीत औत ओढेल, कडब्यावर निभेल आणि घरापुरते दूधही देईल, असे जनावर पिढ्यानपिढ्या राखत गेल्याने ती घडली. गोऱ्हा आदत असतानाच त्याच्या पायांची ठेवण, छातीचा घेर, कातडीचा पातळपणा, डोळ्यातली हुशारी बघून कोणता राखायचा आणि कोणता बडवून बैल करायचा, हे ठरे. ही निवडच होती, आणि चांगली होती, याचा पुरावा जनावरच आहे. पण कोणता वळू कोणाचा, त्याच्या लेकींनी काय दिले, त्याची किती वासरे दुष्काळात टिकली, हे माणसाच्या स्मरणात राही आणि माणसाबरोबर जाई. नेकनूरच्या किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटांनी होत आला. फाडलेल्या पावतीवर रंग, शिंगे, दात, किंमत. आईबापांसाठी तिच्यावर रकाना नव्हता.

मग या मुलखाला नोंद ठाऊकच नव्हती का? तसे मुळीच नाही. घोड्यांची नोंद होती, आणि ती बारकाईने होती. दख्खनच्या सुलतानांपासून मुघलांपर्यंत सैन्यातल्या घोड्याला दाग देण्याची आणि त्याचा ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची पद्धत होती, कारण घोड्यामागे पगार मिळे आणि चांगला घोडा दाखवून मागाहून तट्टू उभे करणारे सरदार कमी नव्हते. मराठ्यांच्या फौजेत बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा, असा फरक होता. दोन्हीकडे घोड्याचा हिशेब होता. केजच्या शेजारचे अंबाजोगाई निजामाच्या अमदानीत मोमिनाबाद झाले आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. तेथील स्वारही शिलेदारी पद्धतीचे होते. म्हणजे हाकेच्या अंतरावर एकीकडे प्रत्येक घोड्याचा रंग, उंची, वय, खुणा कागदावर चढत होत्या आणि दुसरीकडे ज्या बैलावर तो सारा मुलूख जगत होता, त्याचा बाप कोण हे कुठेच लिहिलेले नव्हते. लिहिता येणारी माणसे नव्हती म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही. कुलकर्णी दर गावात होता आणि तो इंचाइंचाची जमीन मोजत होता. बैलाच्या वंशावळीवर सारा बसत नव्हता आणि तनखाही मिळत नव्हता, एवढेच.

इंग्रजी अमलाने बैलाकडे पाहिले ते शेतीच्या उत्पन्नाची काळजी वाटू लागल्यावर. १९२६ ते १९२८ या काळात काम केलेल्या शेतीविषयक लिनलिथगो आयोगाने देवाच्या नावाने सोडलेल्या, कोणाच्याच नसलेल्या वळूंवर बोट ठेवले. मुंबई प्रांतात १९३३ मध्ये पशुसुधारणेचा कायदा झाला आणि नापसंत वळू खच्ची करण्याचा अधिकार सरकारने घेतला. निजामाच्या राज्याला तो लागू नव्हता; तिथे पशुवैद्यक खात्याने हिंगोलीला सरकारी प्रक्षेत्रावर देवणीचा कळप ठेवला. एकाने वाईट वळू काढायचे ठरवले, दुसऱ्याने चांगले वळू तयार करायचे. पण वाईट कोणता आणि चांगला कोणता, हे दोन्हीकडे मुख्यतः डोळ्यांनीच ठरत होते. प्रक्षेत्रावरच्या गायीचे दूध मोजले जाई. गावातल्या गायीचे नाही. त्यामुळे सरकारी वळूच्या गावातल्या लेकी खरोखर सरस निघाल्या का, या प्रश्नाला उत्तरच मिळत नव्हते. मग मापदंड उरला रंगाचा. प्रदर्शनातला परीक्षक वानेरा तोंडवळा पाहून खूश होणार आणि शेतकरी तेवढ्यासाठी गोऱ्हा राखणार. रंग ठरवणारी जनुके मोजकी असतात. दूध किंवा ताकद हजारो ठिकाणच्या बारीक फरकांतून येते. रंग पाहून दूध निवडणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून पुस्तक विकत घेणे.

स्वातंत्र्यानंतर मोजमाप आले, पण एकाच गुणाचे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन पोचवले. १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन आणि देवणीच्या संकरातून ‘होलदेव’ गायी पाळून अभ्यासल्या. या साऱ्याने मराठवाड्यात दूध वाढले, आणि ते कमी लेखणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. देवणी एका वेतात सरासरी नऊशे लिटरच्या आत आणि लाल कंधारी सहाशेच्या आसपास दूध देत असताना संकरित गाय त्याच्या कित्येक पट देते, तेव्हा शेतकऱ्याने जर्सीची कांडी मागितली यात त्याचे काय चुकले? डेअरीच्या काट्यावर लिटर आणि फॅट लिहिले जाते, त्याचे पैसे मिळतात, म्हणून तोच गुण नोंदला गेला. घोड्याच्या बाबतीत जे झाले तेच पुन्हा झाले. पण १९७२चा दुष्काळ, २०१३च्या चारा छावण्या, आणि २०१६मध्ये धनेगावचे धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले तो उन्हाळा, या प्रत्येक वेळी मांजराकाठी एक प्रयोग आपोआप घडून गेला. एकाच छावणीत, एकाच चाऱ्यावर देशी आणि संकरित जनावरे शेजारी शेजारी बांधली होती. कोणत्या वंशाची किती खंगली, कोणती पुन्हा माजावर आली, कोणाची वासरे जगली, हे मोजले असते तर या मुलखाला हवा असलेला गुण आकड्यांत हाती आला असता. छावण्यांच्या रजिस्टरात जनावरे रोज मोजली गेली. अनुदान डोक्यामागे होते.

आता चिपकडे येऊ. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी एक गणिती मार्ग मांडला. एखादा गुण कोणत्या जनुकामुळे आला हे शोधत न बसता, साऱ्या डीएनएवर पसरलेल्या खुणांचे एकत्रित वजन काढायचे आणि त्यावरून जनावराची पैदासक्षमता सांगायची. २००९ मध्ये गायीच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत होल्स्टीन वळूंचे अधिकृत मूल्यांकन या पद्धतीने होऊ लागले. पण त्या खुणांना वजन मिळाले कुठून? अमेरिकेत अनेक दशके गावोगावच्या गोठ्यांतून जमवलेल्या दुधाच्या नोंदींतून. ज्यांचे डीएनए वाचले आहे आणि ज्यांच्या लेकींचे दूधही मोजले आहे, अशा हजारो वळूंचा संदर्भ-कळप आधी तयार होता. चिपने त्याच्यावर शेवटचा मजला चढवला. एका जातीत काढलेली वजने दुसऱ्या जातीला जशीच्या तशी चालत नाहीत, आणि युरोपी गायींवरून बनवलेल्या चिपवरच्या कितीतरी खुणा आपल्या वशिंडाच्या गायीत फरकच दाखवत नाहीत. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ११,४९६ खुणांची ‘इंडिगौ’ चिप काढली, आणि म्हणून पुढे गौ चिप आली. खुणा आता आपल्या आहेत. त्यांची वजने मात्र आपल्याच गोठ्यांतून यावी लागतील.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वंशावळ नसणे हीच आपली अडचण होती ना? मग चिप तीच तर दूर करते. दोन जनावरांचा डीएनए पाहून त्यांचे नाते कळते, बाप सापडतो, चुलता सापडतो. शंभर वर्षे न लिहिलेली वंशावळ एका दिवसात हाती येते. हे खरे आहे, आणि विखुरलेल्या छोट्या गोठ्यांच्या देशाला याचा युरोपपेक्षा जास्त फायदा आहे. पण नाते कळले म्हणजे गुण कळला असे होत नाही. ही गाय त्या वळूची लेक आहे हे चिप सांगेल. ती मे महिन्यात अर्ध्या चाऱ्यावर गाभण राहिली का, हे तिला कोणीतरी सांगावे लागेल. चिप नोंदीचा एक रकाना भरते, दुसरा रिकामाच राहतो. आणि जो रकाना भरलेला असेल त्याच दिशेने निवड वेगाने धावेल. पूर्वी चुकीच्या गुणाची निवड करायला वीस वर्षे लागत, आता पाच पुरतील.

डोळस वापर कसा असतो हे पाहायचे तर अमेरिकेत जायची गरज नाही, फलटण पुरे. तिथे बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू केली. दख्खनी मेंढी साधारणपणे एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ ही चणीने लहान मेंढी मात्र जुळी-तिळी देते. १९९०च्या दशकात संस्थेने गरोळ फलटणला आणली आणि लोणंदकडच्या दख्खनी मेंढ्यांशी तिचा संकर सुरू केला. तिकडे ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या मेरिनो कळपात जास्त कोकरे होण्याचा गुण फार पूर्वी लक्षात आला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून तो आला असावा असा तर्क होता. २००१ मध्ये त्या गुणामागचा डीएनएतला एका अक्षराचा बदल सापडला, आणि पुढच्याच वर्षी तोच बदल गरोळमध्येही असल्याचे प्रसिद्ध झाले. सुंदरबन ते सिडनी आणि पुन्हा फलटण, असा हा फेरा. त्यानंतर कोकराच्या रक्ताच्या थेंबावरून त्याच्यात ते अक्षर आहे की नाही हे सांगता येऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या कामात साथ दिली. गरोळचे खुजेपण मागे टाकून फक्त तेवढे एक अक्षर दख्खनी मेंढीत उतरवणे शक्य झाले, आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली.

या कथेत प्रयोगशाळेइतकेच महत्त्व मेंढपाळांच्या वाड्यांना आहे. ‘नारी’च्या चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी धनगरांच्या कळपांत जाऊन कोकरांना बिल्ले लावत होते, वजने घेत होते, किती जन्मली आणि किती जगली हे वर्षानुवर्षे लिहीत होते. कारण शंका खरी होती. चरत फिरणाऱ्या कळपात जुळ्यांना आईचे दूध पुरेल का? चाऱ्याविना मेंढी खचेल का? या शंकेला प्रयोगशाळेत उत्तर नव्हते. कळपातल्या नोंदींतून दिसले की त्या अक्षराची एकच प्रत असलेली मेंढी प्रत्येक वेळी सरासरी अर्ध्या कोकराच्या आसपास भर घालते. तिळ्यांचे ओझे मुख्यतः दोन प्रती असलेल्यांत वाढते. म्हणजे किती जनुक हवे याचेही उत्तर रानातून आले. शिवाय इथे प्रश्न एका अक्षराचा होता. दूध, काटकपणा, वाढ यांच्यामागे हजारो अक्षरे आहेत. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी त्याच पटीने जास्त. गावातल्या लहान कळपात नोंदी होऊच शकत नाहीत, हे विधान मात्र फलटणने खोडून काढले आहे. पगारी माणूस, वजनकाटा, बिल्ला आणि दहा-पंधरा वर्षांचा धीर एवढे लागले. यातला बिल्ला आता सरकारनेच दिला आहे: बारा आकडी क्रमांकाचा, ज्याच्याशिवाय राज्यात जनावरांच्या खरेदी-विक्रीला २०२४ पासून मनाई आहे. उरलेल्या तीन गोष्टींची तरतूद योजनांच्या कागदांत शोधावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्या कामासाठी देवणी आणि कंधारी घडली ते कामच संपले, मग त्यांच्या जनुकांवर पैसा कशाला? २०१९च्या पशुगणनेत देशातली नर गुरे २०१२च्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली दिसतात आणि माद्या अठरा टक्क्यांनी वाढलेल्या. नांगरट ट्रॅक्टरने होते. केज, धारूर, पाटोद्याकडचे ऊसतोड कामगार अजूनही टायरगाडीला बैल जुंपून कारखान्यावर जातात, पण तो बैल बहुधा उचलीच्या पैशातून विकत घेतलेला असतो. घरच्या गायीचा गोऱ्हा वाढवून त्याला तयार करायला लागणारी चार वर्षे या धंद्यात कोणाकडे नसतात. २०१५च्या गोवंश हत्याबंदीने म्हाताऱ्या बैलाची विक्रीही अवघड केली. हे सारे मान्य केले की ‘देशी गोवंश वाचवा’ ही घोषणा फार तोकडी वाटते, आणि ती तोकडी आहेच. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जात सोडून द्यावी असे यातून सिद्ध होत नाही. तिच्यातून काय हवे हे नव्याने ठरवावे लागेल, एवढे सिद्ध होते. संकरित गाय उन्हाळ्यात लंगडी पडते, तिचे माज हुकतात, औषधपाणी वाढते, हा खर्च डेअरीच्या काट्यावर दिसत नाही. तो खर्च कमी करणारी अक्षरे याच गुरांत असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती शोधायला संकरित गायीही मोजाव्या लागतील, कारण देवणी-कंधारीचे रक्त आज बहुतेक त्यांच्यातच वाहते आहे.

वेगाचा धोका कसा असतो, हे होल्स्टीनने दाखवून दिले आहे. १९६२ मध्ये जन्मलेला ‘चीफ’ नावाचा अमेरिकन वळू दुधासाठी इतका गाजला की त्याचे रक्त जगभरच्या होल्स्टीनमध्ये पसरले. त्याच्याबरोबर गर्भातच वासरू मारणारा एक दोषही पसरला, आणि तो सापडला २०११ नंतर, याच जनुकीय खुणांच्या मदतीने. तोवर जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत असा हिशेब झाला आहे. ज्या हत्याराने दोष सापडला, त्याच हत्याराने पिढ्या आता झपाट्याने बदलतात आणि मोजक्याच वळूंवर भर येतो. लाल कंधारीसारख्या आधीच लहान झालेल्या जातीत दहा वळू निवडून बाकीचे बाजूला काढणे हे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त महागात पडेल. अंबाजोगाई तालुक्यात साकूड येथे देवणी आणि लाल कंधारीसाठी प्रक्षेत्र उभारायला राज्य सरकारने मान्यता दिली आहे. हिंगोलीचा धडा गिरवायचा तर या प्रक्षेत्राची वही कुंपणाबाहेर, गावातल्या लेकींच्या दारापर्यंत जायला हवी.

आणि गाय बाजूला ठेवली तर केजच्या गरिबाचे खरे जनावर शेळी. उस्मानाबादी बहुधा काळी, बऱ्याचदा जुळी देणारी. भूमिहीनाची आणि घरचे ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या म्हातारीची तीच बँक. अंबाजोगाईला राज्याच्या शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, फलटणला याच शेळीचे अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पातले केंद्र आहे. तरीही गावात निवड उलटीच चालते. झपाट्याने वाढणाऱ्या बोकडाला बकरी ईदच्या आधी सर्वांत चांगला भाव मिळतो, म्हणून तो पहिल्यांदा जातो. मागे राहतो तो रोडावलेला, आणि वाड्यातल्या शेळ्या त्याच्याकडून भरतात. शेळीवालीला हे कळत नाही असे नाही. तिला त्याच महिन्यात दुकानदाराची उधारी भागवायची असते. या बोकडाची चिप वाचली तरी तो खाटकाकडेच जाईल. तो राखायचा तर त्याला ईदच्या बाजारात जो भाव मिळाला असता तो आधी तिच्या हातात पडायला हवा, आणि पुढच्या वेतातल्या करडांचे वजन लिहायला कोणीतरी तिच्या दारात यायला हवे. एका चांगल्या बोकडामागे ही रक्कम काही हजारांत जाते. ती कोणत्या खात्यातून द्यायची, हे अजून ठरलेले नाही.